युरियाची कुळकथा



युरिया हे नाव आज खेड्यापाड्यांत कोणाला ठाऊक नाही? पेरणी उरकली, पिकाने चार पाने धरली आणि एखादा बरा पाऊस झाला, की सोसायटीच्या दारापुढे रांग लागते ती याच पांढऱ्या दाण्यांच्या गोणीसाठी. ही गोणी पूर्वी ५० किलोची असे, २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. २०१५ पासून दाण्यांवर निंबोळी तेलाचा लेपही सक्तीचा झाला. हे सारे शेतकऱ्याला तोंडपाठ असते. परंतु हेच नाव औषधाच्या दुकानातील एका बोटभर नळीवरही छापलेले असते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दिवाळी सरते, थंडी पडू लागते, टाचांना भेगा पडतात. डॉक्टर चिठ्ठीवर एक मलम लिहून देतात. घरी आल्यावर शाळेत जाणारा नातू नळीवरची अक्षरे वाचतो, ‘युरिया, १० टक्के’; आणि आजी विचारते, ‘काय रे बाबा, शेतात टाकायचं खत आता पायाला लावायचं होय?’

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न आहेत. गोणीतला युरिया आणि नळीतला युरिया एकच का, हा पहिला. आणि कारखान्यात केलेली, म्हणजे कृत्रिम वस्तू अंगाला लावणे बरे का, हा दुसरा. या दोहोंची उत्तरे युरियाच्या इतिहासात सापडतात. हा इतिहास जवळजवळ तीनशे वर्षांचा आहे, आणि रसायनशास्त्राचे मोठे मोठे पंडित त्यात वावरून गेलेले आहेत.

युरियाचा पहिला ठावठिकाणा लागला तो मूत्रात. विषय थोडा संकोचाचा खरा, परंतु शास्त्राला संकोच परवडत नाही. हॉलंडमधील लायडन येथील नामांकित वैद्य हर्मन बोरहाव्ह याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात मूत्र आटवून त्यातून एक वेगळाच स्फटिकरूप पदार्थ मिळवला. पुढे १७७३ मध्ये पॅरिस येथे इलेर रुएल यानेही तो मिळवला. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी मूत्र या अर्थाच्या शब्दावरून त्याचे नाव ठेवले, तेच इंग्रजीतून आपल्याकडे ‘युरिया’ होऊन आले. नंतर १८१७ च्या सुमारास विल्यम प्राउट या इंग्रज वैद्याने तो अगदी शुद्ध करून त्याचे पृथक्करण केले. त्यात कर्ब, प्राणवायू, उद्‌जन आणि नत्र ही चार मूलद्रव्ये किती किती आहेत, ते त्याने मोजून दाखवले. ही मोजणी पुढे फार कामी आली, ती कशी ते सांगतोच.

शरीरात हा पदार्थ येतो कोठून? आपण डाळ, दूध, अंडी, मांस असे जे प्रथिनांचे अन्न खातो त्यातील नत्राचा उरलेला भाग शरीराला बाहेर टाकावा लागतो. तो अमोनियाच्या रूपात साचला तर विषासारखा बाधेल. म्हणून यकृत त्याचा निरुपद्रवी युरिया बनवते आणि मूत्रपिंडे तो पाण्याबरोबर बाहेर काढतात. यकृत हे काम कोणत्या पायऱ्यांनी करते, ते हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्सेलाइट या जर्मन संशोधकांनी १९३२ मध्ये उलगडले. निरोगी माणसाच्या शरीरातून दिवसाकाठी साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया बाहेर पडतो. म्हणजे प्रत्येक माणूस हा युरियाचा एक लहानसा कारखानाच आहे, आणि हा कारखाना कोणत्याही सरकारने परवाना देण्याच्या फार आधीपासून चालू आहे.

आता एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या. त्या काळी बहुतेक रसायनशास्त्रज्ञांची अशी समजूत होती की, मीठ, तुरटी, मोरचूद हे निर्जीव सृष्टीतील पदार्थ माणसाला प्रयोगशाळेत करता येतील. पण साखर, तेल, युरिया असे जे पदार्थ सजीवांच्या देहात होतात, ते घडवण्यास एक विशेष जीवनशक्ती लागते. ती शक्ती काचेच्या बरणीत कोठून आणायची? तेव्हा हे पदार्थ देहाकडूनच घ्यावेत, ते घडवण्याच्या भानगडीत माणसाने पडू नये, असा एकंदर सूर होता.

फ्रीड्रिख व्होलर हा तरुण या वेळी बर्लिनच्या एका धंदेशिक्षणाच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत होता. शिक्षक वाचकांना हे ऐकून बरे वाटेल. मोठ्या विद्यापीठाच्या गादीवर बसलेला हा मनुष्य नव्हता, मुलांना शिकवून उरलेल्या वेळात प्रयोग करणारा मास्तर होता. स्टॉकहोमला बर्झेलियस या त्या काळच्या रसायनमहर्षींच्या हाताखाली त्याचे शिक्षण झाले होते. व्होलरला करायचे होते अमोनियम सायनेट नावाचे एक लवण. त्यासाठी त्याने चांदीच्या सायनेटवर नवसागराचे पाणी घातले. नवसागर म्हणजे आपले कल्हईवाले भांड्याला लावतात तोच. हाती आले ते पांढरे, चकचकीत स्फटिक. परंतु ते अमोनियाच्या लवणासारखे वागेनात. असेच स्फटिक त्याला चार वर्षांपूर्वी, १८२४ मध्येही एकदा मिळाले होते, पण तेव्हा त्यांची ओळख पटली नव्हती. या वेळी त्याने चिकाटी धरली. मूत्रातून काढलेला शुद्ध युरिया एका बाजूला आणि आपले स्फटिक दुसऱ्या बाजूला ठेवून त्याने दोन्ही तपासले, आणि प्राउटने करून ठेवलेली मोजणीही ताडून पाहिली. दोन्हींत काडीचा फरक नाही! फेब्रुवारी १८२८ मध्ये त्याने गुरूला पत्र लिहून कळवले की, माणसाच्या वा कुत्र्याच्या मूत्रपिंडाची मदत न घेता आपल्याला युरिया करता येतो. त्याच वर्षी त्याने जो निबंध प्रसिद्ध केला, त्याच्या मथळ्यातच ‘कृत्रिम’ हा शब्द होता. व्होलरचे वय तेव्हा २७ वर्षांचे होते.

यातील गंमत अशी की, अमोनियम सायनेट आणि युरिया या दोहोंत अणू तेच आणि तितकेच असतात. फरक असतो तो त्यांच्या मांडणीत. ‘रस’ आणि ‘सर’ या शब्दांत अक्षरे तीच, पण क्रम बदलला की उसाच्या रसाचा पावसाची सर होते ना, तसेच हे आहे. वस्तूचे गुण नुसत्या घटकांवर नसून घटकांच्या रचनेवर ठरतात, हे त्यातून स्पष्ट झाले. अशा जोड्यांना बर्झेलियसने पुढे १८३० मध्ये ‘आयसोमर’ असे नाव दिले; मराठीत आपण त्यांना समघटक म्हणतो.

येथे शिक्षकबंधूंना एक सावधगिरी सांगावीशी वाटते. व्होलरने एका प्रयोगासरशी जीवनशक्तीची कल्पना जमीनदोस्त केली, असे पाठ्यपुस्तकांतून सर्रास लिहिलेले असते. इतिहास मात्र इतका सरळ चालत नाही. व्होलरच्या निबंधात असा विजयाचा नगारा नाही. शिवाय सायनेटे त्या काळी ज्या मालापासून करीत, तो रक्त, शिंगे, खूर असा प्राण्यांच्या देहातूनच आलेला असे. तेव्हा शंकेखोराला बोलायला जागा होतीच. पुढे १८४५ मध्ये हेर्मान कोल्बने निर्जीव द्रव्यांपासून पायरीपायरीने सिरक्यातील आम्ल तयार केले, इतरांनी आणखी पदार्थ केले, आणि ती जुनी समजूत हळूहळू विरत गेली. एका घावात दोन तुकडे झाल्याची गोष्ट नंतरच्या लेखकांनी रंगवली. वर्गात ही गोष्ट अवश्य सांगावी, पण तिचा रंग थोडा पुसून सांगावी.

एवढे मात्र निर्विवाद की, देहातला युरिया आणि काचपात्रातला युरिया एकच, हे १८२८ पासून जगाला कळले. दोन्हींत एक कर्बाचा, एक प्राणवायूचा, दोन नत्राचे आणि चार उद्‌जनाचे असे आठच अणू असतात. आपण कोठे जन्मलो याची कसलीही खूण तो कण आपल्या अंगावर बाळगत नाही.

पुढची कथा कारखान्याची आहे. हवेतील नत्रापासून अमोनिया करण्याची युक्ती जर्मनीत फ्रिट्झ हाबर याने शोधली. कार्ल बॉश याने ती कारखान्यात उतरवली, आणि १९१३ मध्ये ओपाऊ येथे असा अमोनिया निघू लागला. त्याच ठिकाणी १९२२ मध्ये अमोनिया आणि कर्बद्विप्राणिल वायू, म्हणजे कार्बन डाय-ऑक्साइड, एकत्र दाबून युरिया करण्याची रीत सुरू झाली. ती आजही मुळात तीच आहे. साधारण १८० ते १९० अंश उष्णता आणि वातावरणाच्या दीडशे ते दोनशे पट दाब यांखाली हे दोन वायू एकमेकांस मिळतात आणि पाणी सोडून युरिया होतात. आपल्या महाराष्ट्रात ट्रॉम्बे येथील खत कारखाना १९६५ च्या सुमारास सुरू झाला आणि अलिबागजवळ थळचा १९८५ मध्ये. मास्तराच्या बरणीत चिमूटभर झालेली वस्तू अशी वाघिणी भरभरून निघू लागली.

हे झाले शेताचे. हीच वस्तू कातडीपर्यंत कशी आली, ते आता पाहू.

आपल्याकडे मदत न करणाऱ्या चिक्कू माणसाविषयी एक अस्सल गावरान म्हण आहे: तो कापल्या करंगळीवर मुतायचा नाही. म्हण जरा उघडीवाघडी आहे, परंतु तिच्यात एक जुना उपचार जपून राहिला आहे. रानात विळा लागला, जवळ दुसरे काही नसले, तर हाच उपाय होत असे, हे ती म्हण सांगते. हा उपाय आज करावा असे मुळीच नाही. मूत्रात युरिया असतो साधारण दोन टक्के, बाकीचे पाणी, क्षार आणि कधी कधी जंतूसुद्धा.

शास्त्राला जखमेतल्या युरियाचा पत्ता लागला तो दुसऱ्याच वाटेने. पहिल्या महायुद्धात अमेरिकन शल्यवैद्य विल्यम बेअर यांना असे दिसले की, रणांगणावर कित्येक दिवस पडून राहिलेल्या जखमी शिपायांच्या जखमांत माशीच्या अळ्या झाल्या होत्या, आणि तरीही त्या जखमा आश्चर्य वाटावे इतक्या स्वच्छ होत्या. पुढे त्यांनी मुद्दाम वाढवलेल्या निर्जंतुक अळ्यांचा उपचारही केला. या अळ्यांच्या स्रावात असे काय असते, याचा शोध अमेरिकन शेतीखात्यातील कीटकशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी घेतला, आणि १९३६ मध्ये त्यांनी चिघळलेल्या जखमांसाठी युरियाच्या पाण्याचा उपयोग मांडला. यावरून कोणी भलतेच अनुमान काढू नये. आपल्या गुराढोरांच्या जखमेत जे किडे पडतात, त्यांतील काही जातींचे किडे जिवंत मांस खातात. तेथे तातडीने पशुवैद्याला बोलवावे.

पेनिसिलिनसारखी औषधे आल्यावर जखमेवरचा युरिया मागे पडला. परंतु १९४३ मध्ये अमेरिकेतील एका त्वचारोगविषयक नियतकालिकात हातांना लावण्याच्या मलमात युरिया घालण्याविषयी लिहिले गेले, आणि एक नवी वाट उघडली. कोरड्या कातडीला नेमके काय हवे असते, हा प्रश्न मात्र तोवर नीट सुटलेला नव्हता. कातडी कोरडी पडली म्हणजे तेल कमी पडले, असे सारे जण धरून चालले होते.

तो प्रश्न बोस्टनच्या अर्विन ब्लँक या संशोधकाने १९५२ मध्ये अगदी साध्या प्रयोगाने सोडवला. त्यांनी तळपायाच्या घट्ट्याचे वाळके, कडक तुकडे घेतले. काही तेलात ठेवले, काहींना पाणी दिले. तेलातले तुकडे तेल पिऊनही कडकच राहिले. पाणी मिळालेले तुकडे लवचीक झाले. तुम्हांला हा प्रयोग घरी पाहायचा असेल तर घट्टा नको, उडदाचा कच्चा पापड घ्या. एक पापड तेलाच्या वाटीत बुडवून ठेवा, दुसऱ्यावर पाण्याचा हात फिरवा. तेलातला पापड मोडू जाल तर कटकन मोडेल. पाणी लागलेला घडी घालण्याइतका मऊ होईल. कातडीच्या सर्वांत वरच्या थराचेही असेच आहे. हा थर मृत पेशींचा, एकावर एक कौले रचावीत तसा असतो. त्यातील पाणी साधारण १० टक्क्यांच्या खाली गेले की तो ठिसूळ होतो, आणि शरीराचा भार पडताच तडकतो. टाचेवर हा थर सर्वांत जाड, आणि तळपायाला तेलग्रंथी मुळीच नाहीत. त्यातून अनवाणी चालणे, चिखल, माती, थंड वारे. मग भेगा पडल्या नाहीत तरच नवल.

म्हणजे तेल व्यर्थ, असे मात्र समजू नये. तेल पाणी देत नाही, पण असलेले पाणी उडू देत नाही. कोकणात नि गोव्यात थंडीच्या दिवसांत भेगांना कोकमाचे तेल, भिरंडेल, गरम करून लावतात. ते कोरड्या खडखडीत टाचेला लावले तर त्याचा निम्मा गुण वाया जातो. पाय कोमट पाण्यात भिजवून, टिपून, ओलसर असतानाच लावले तर आतले पाणी आतच राहते. आजीबाईच्या बटव्यातला उपाय खोटा नव्हता. ब्लँकच्या प्रयोगाने त्याची योग्य वेळ दाखवून दिली, एवढेच.

याच १९५०–६० च्या दशकांत आणखी एक गोष्ट कळली. कातडीच्या वरच्या थरात पाणी धरून ठेवणारे काही पदार्थ निसर्गतःच असतात, आणि त्यांत युरियाही असतो. त्या सर्व जलधारक पदार्थांत त्याचा वाटा साधारण ७ टक्के भरतो. काही तो घामातून येतो, काही कातडीतच तयार होतो. इसबासारख्या विकारांत कातडी कोरडी पडते तेव्हा हे प्रमाण घटलेले आढळते. हे समजल्यावर पुढची पायरी सरळच होती. स्वीडनचे त्वचारोगतज्ज्ञ गुन्नार स्वानबेक यांनी १९६८ मध्ये माशाच्या खवल्यांप्रमाणे कातडी होणाऱ्या रोगावर युरियाच्या मलमाचा उपचार प्रसिद्ध केला. तेव्हापासून हे मलम जगभर पसरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ५ आणि १० टक्क्यांचे युरिया-मलम आहे. म्हणजे ही काही नटण्यामुरडण्याची चैन नव्हे, औषध म्हणून मान्यता पावलेली वस्तू आहे.

युरिया हे काम कसे करतो, हे शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज पडू नये. त्याने ते पाहिलेले असते. पावसाळ्यात युरियाची गोणी उघडी राहिली तर दाणे हवेतले पाणी ओढून ओलसर होतात आणि त्यांचे ढेकूळ बनते. पाण्याची ही ओढ कातडीवर उपयोगी पडते. मलमातला युरिया वरच्या थरात शिरतो आणि पाणी धरून ठेवतो. प्रमाण वाढले की त्याचा दुसरा गुण दिसू लागतो: मृत पेशींतील कठीण प्रथिनांची वीण तो सैल करतो. म्हणून सर्व युरिया-मलमे सारखी नव्हेत. १० टक्क्यांपर्यंतचे मलम मुख्यतः ओलावा राखते. २० टक्के वा अधिक असलेले जाड घट्टे मऊ करून झिजवते. ४० टक्क्यांचे तर इतके कडक असते की, रोगाने खराब झालेले नख मऊ करून काढण्यासाठी डॉक्टर ते वापरतात. एकच वस्तू प्रमाणाप्रमाणे ओलावा देते नाही तर नख उतरवते. हे ज्याला कळले त्याला नळीवरचा टक्क्याचा आकडा वाचल्यावाचून राहवणार नाही.

आता कोणी चतुर म्हणेल, ‘दोन्ही युरिया एकच, तर मग नळीला पैसे कशाला? घरात गोणी आहेच. मूठभर दाणे खोबरेल तेलात घोटले की झाले!’ हे मात्र करू नका. युरिया एकच असला तरी गोणीत नुसता युरिया नसतो. दाणे बनवताना उष्णतेने त्यात बाययुरेट नावाचा पदार्थ थोडा होतोच, आणि खताच्या नियमांत त्याला दीड टक्क्यापर्यंत मुभा आहे. दाणे चिकटू नयेत म्हणून फॉर्मॅल्डिहाइडसारखी द्रव्ये वापरतात; वर निंबोळी तेलाचा लेप असतो. पिकाला हे चालते, चिरलेल्या कातडीला चालेलच असे नाही. दुसरे, युरिया तेलात विरघळत नाही. दाणे तसेच राहून भेगेत खुपतील, आणि एका ठिकाणी काहीच नाही तर दुसऱ्या ठिकाणी भलताच तीव्र, असे होईल. तिसरे, पाण्यात युरिया फार दिवस तसाच राहत नाही. त्याचा हळूहळू अमोनिया होऊ लागतो, आणि त्याने कातडीची आग होते. मलम करणारे शुद्ध युरिया तोलून घेतात आणि तो टिकावा म्हणून लॅक्टिक आम्लासारखे पदार्थ बेताने घालतात. पैसे पडतात ते या शुद्धतेचे आणि मोजमापाचे.

टाचेच्या भेगेवर एवढे पुराण कशाला, असेही कोणाला वाटेल. ज्याला मधुमेह आहे त्याला विचारा. मधुमेह जुना झाला की पायाची संवेदना मंदावते, घाम कमी होतो, कातडी सुकते. भेग पडली तरी दुखत नाही, म्हणून लक्ष जात नाही. तीतून जंतू शिरतात, जखम चिघळते, आणि कित्येकदा बोट, कधी सारे पाऊल कापावे लागते. कुष्ठरोगात मज्जातंतू बिघडलेल्या पायाचीही हीच गत. अशा रोग्यांना दवाखान्यात शिकवतात ते साधेच असते: रोज पाय बघावेत, साध्या पाण्यात भिजवावेत, घट्टे हलक्या हाताने घासावेत आणि ओलसर पायाला तेल किंवा मलम लावावे. ज्याच्या पायाला ऊनगार कळत नाही त्याने गरम पाणी वापरू नये, पाणी दुसऱ्याकडून पाहून घ्यावे आणि कडक मलम डॉक्टरांना विचारल्याखेरीज लावू नये.

इतरांनीही थोडे पथ्य पाळावे. रात्री निजण्यापूर्वी पाय पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवावेत. वजरीने हळू घासावे. ब्लेडने वा चाकूने कातडी तासू नये. पाय टिपून ओलसर असतानाच मलम लावावे आणि जमल्यास मोजे घालावेत. भेग खोल असेल, रक्त येत असेल, तर युरियाचे मलम झोंबते. आधी जखम भरू द्यावी आणि डॉक्टरांना दाखवावी. तान्ह्या मुलांना वैद्याच्या सल्ल्यावाचून लावू नये.

राहता राहिला कृत्रिम या शब्दाचा प्रश्न. हल्ली पुष्कळ डब्यांवर ‘नैसर्गिक’ असे ठळक छापतात आणि केमिकल नसल्याची ग्वाही देतात. अहो, पाणीसुद्धा केमिकलच आहे! निसर्गातली प्रत्येक वस्तू हितकर असती तर धोतऱ्याची बी आपण मुलांपासून दूर ठेवली नसती. आणि कारखान्यातली प्रत्येक वस्तू निर्दोष असती, तर दुधात युरिया मिसळणाऱ्याला आपण गुन्हेगार म्हटले नसते. तोच युरिया पिकाला अन्न, कोरड्या टाचेला औषध आणि दुधात भेसळ. वस्तू तीच, उपयोग निराळे. म्हणून वस्तू घेताना ती देहात झाली की कारखान्यात, हे विचारण्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात: ती शुद्ध आहे का, किती प्रमाणात आहे, आणि कशासाठी आहे. नळीवर टक्के छापलेले असतात. टक्के नसले तर घटकांची यादी पाहावी. जे अधिक ते आधी, अशा क्रमाने ती सामान्यतः लिहिलेली असते. मोठ्या अक्षरांत गाजवलेले द्रव्य यादीच्या शेपटाशी दिसले, तर ते नाममात्रच आहे असे समजावे.

शिक्षकांनी ही यादी वर्गात एकदा वाचून दाखवावी. रिकाम्या नळ्या, खोकी मुलांकडूनच मागवता येतील. एका वाटीत पाणी घेऊन त्यात चमचाभर युरिया ढवळावा आणि वाटीला बाहेरून हात लावायला सांगावे. विरघळताना तो उष्णता शोषतो, वाटी गार लागते, आणि मुलांना त्याची मौज वाटते. प्रयोगानंतर हात धुवावेत आणि ती वाटी जेवणखाणासाठी पुन्हा वापरू नये. जोडीला पापडाचा प्रयोग करावा, आणि मग बर्लिनच्या त्या मास्तराची गोष्ट सांगावी. मुले ती घरी जाऊन सांगतील, आणि घरातल्या थोरामोठ्यांच्या टाचांकडे एकदा तरी नीट पाहिले जाईल.